जुन्या गोव्यात बस घेऊन येणाऱ्या टूर लीडर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सांगली, कुठून कुठून बसेस भरून माणसं जुन्या गोव्यात येतात आणि तुम्ही त्यांना सांभाळून आणता. माणसं मोजणं, कुणाला गाडी लागतेय, कुणाच्या आजींना पायऱ्या चढवत नाहीत, कुणाचं पोरगं सापडत नाहीये, हे सगळं बघता बघता तुम्ही इतिहासही सांगता, आणि खरं सांगते, आपल्याकडच्या हजारो माणसांना गोव्याचा जो काही इतिहास माहीत आहे तो पुस्तकातून नाही तर तुमच्या त्या दहा-पंधरा मिनिटांच्या बोलण्यातूनच माहीत आहे. म्हणून हे पत्र सरकारला किंवा कुठल्या खात्याला न लिहिता तुम्हालाच लिहितेय.

मागणी आधीच सांगून टाकते. बॉम जीझस झालं, समोरचं सी कॅथेड्रल झालं, फोटो झाले, की बस मंगेशीला निघते. त्याआधी फक्त दहा मिनिटं सेंट पॉल कॉलेजच्या कमानीपाशी थांबा. गांधी सर्कलपासून फोंड्याच्या बाजूला थोडंसं गेलं की रस्त्याच्या कडेला एक एकटी कमान उभी आहे, जांभ्या दगडाची, दोन्ही अंगांना खांब, वर क्रॉस. मागे काही नाही, झाडं आणि गवत. अख्खं कॉलेज एकोणिसाव्या शतकात पाडलं गेलं, दर्शनी भागाचा एवढाच तुकडा उरला. तिथे थांबा आणि लोकांना सांगा की या दारातून जपानी मुलं युरोपला गेली होती, 1583 मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही जवळजवळ पन्नास वर्षं आधी.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि दुभाषी म्हणून कामही करते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे पाहुणे आले होते, वय सत्तरच्या पुढे, रिटायर झालेले, सल्ला द्यायला बोलावलेले. काम संपल्यावर दोन दिवस मोकळे होते तर म्हणाले मला गोव्याला जायचंय. मला वाटलं बीच असेल. तर त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, त्यावर पेन्सिलीने जुन्या गोव्याचा नकाशा काढलेला होता आणि एकच गोल केला होता, या कमानीवर. मी तोपर्यंत सात-आठ वेळा जुन्या गोव्याला गेले होते, जपानी भाषेत आयुष्य काढत होते, आणि मला ही कमान माहीतच नव्हती. आम्ही ज्या गाडीने गेलो तिच्याबरोबर एक गाइडही होते, चांगले होते, मनापासून सांगत होते, पण ते पण म्हणाले मॅडम जपानचा इथे काय संबंध, त्यांना म्हणावं बॉम जीझस बघून घ्या. मी त्यांना दोष देत नाही, मलाही कुठे माहीत होतं.

पाहुणे नागासाकीच्या बाजूचे होते. कमानीसमोर गेल्यावर त्यांनी आधी टोपी काढली, मग रस्त्यावरून ट्रक जात होते तरी तिथेच उभं राहून कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि मग चार नावं मोठ्याने वाचावीत तशी घेतली. नंतर चहा घेताना म्हणाले की आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात आहेत ही मुलं, 'तेन्शो केन-ओ शोनेन शिसेत्सु', म्हणजे तेन्शो काळात युरोपला पाठवलेले किशोरवयीन दूत, ओमुराला विमानतळाजवळ त्यांचा पुतळा आहे, पण परत येताना ती सगळ्यात जास्त दिवस जिथे राहिली त्या गावांपैकी एक हे आहे आणि ते गाव मला बघायचं होतं. तेव्हापासून मी याच्या मागे लागलेय, मिळेल ते वाचलंय, आणि आता जे सांगतेय ते तुम्हाला बसमध्ये सांगता येईल असंच सांगते.

सुरुवात त्या मुलांपासून नाही होत. सुरुवात होते अंजिरोपासून. हा कागोशिमाचा माणूस. त्याच्या हातून खून झाला होता आणि जीव वाचवायला तो पोर्तुगीज जहाजावर चढून पळाला. 1547 च्या शेवटी मलाक्कात, म्हणजे आजच्या मलेशियातल्या बंदरात, त्याची गाठ पडली फ्रान्सिस झेवियरशी, तेच सेंट झेवियर ज्यांचं शव दाखवायला तुम्ही लोकांना रांगेत उभं करता. झेवियरने त्याला गोव्याला पाठवलं, 1548 मध्ये त्याचा इथे बाप्तिस्मा झाला, आणि तो या सेंट पॉल कॉलेजात शिकायला राहिला. कॉलेजला तेव्हा सांता फे असंही म्हणायचे, तेच नाव त्याने घेतलं, पाउलो दे सांता फे. काही महिन्यांत माणूस पोर्तुगीज लिहायला-वाचायला शिकला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यातून त्याने थेट रोमला इग्नेशियस लोयोलाला, म्हणजे झेवियरच्याच जेझुइट पाद्री-संघाच्या संस्थापकाला, पत्र लिहिलं. विचार करा, मांडवीच्या काठावर बसून एक जपानी माणूस पोर्तुगीज भाषेत रोमला पत्र लिहितोय, 1548 साली.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते आणि ती झेवियरच्याच पत्रात आहे. झेवियरने त्याला विचारलं, तुम्ही लोक आमच्यासारखं डावीकडून उजवीकडे का नाही लिहीत? तर हा म्हणाला, तुम्ही आमच्यासारखं का नाही लिहीत? माणसाचं डोकं वर असतं आणि पाय खाली, मग लिहिताना पण वरून खालीच लिहायला पाहिजे ना. मी हे माझ्या पहिल्या बॅचला सांगितलं तेव्हा मुलं दोन मिनिटं गप्प झाली आणि मग सगळ्यांनी वह्या उभ्या धरून लिहायला सुरुवात केली. ही गोष्ट बसमधल्या पोरांना सांगून बघा, रॉकेलच्या डब्यासारख्या तापलेल्या बसमध्ये पण ऐकतील.

1549 च्या एप्रिलमध्ये अंजिरो झेवियरला घेऊन गोव्यातून निघाला आणि 15 ऑगस्टला कागोशिमाला पोचला. झेवियर दोन वर्षांनी परत फिरले तेव्हा बरोबर आणखी काही जपानी तरुण आले, त्यातला एक कागोशिमाचाच बेर्नार्दो आणि एक यामागुचीचा मातेउस. मातेउस गोव्यातच वारला. बेर्नार्दो पुढे गेला, 1553 मध्ये लिस्बनला उतरला, आणि युरोपात पाय ठेवलेला पहिला जपानी माणूस म्हणून आज त्याचंच नाव घेतात. रोमला जाऊन आला, लोयोलाला भेटला, पोर्तुगालमध्ये कोइंब्राला शिकला आणि 1557 मध्ये तिथेच गेला. घरी नाही पोचला. दोघेही नाही पोचले, एक इथे आणि एक तिथे. आपण शाळेत घोकलेलं काय तर कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन, म्हणजे शोध लावायला फक्त तिकडून इकडे माणसं निघाली, इकडचे लोक आपले किनाऱ्यावर उभे राहून जहाज कधी येतंय ते बघत बसले. हे खोटं आहे, निदान अर्धं तरी खोटं आहे, आणि ते खोडून काढायला गोव्याइतकी सोयीची जागा जगात फार कमी आहेत कारण तुमच्याकडे ती जागाच आहे, दाखवता येते, हात लावता येतो.

आता ती चार मुलं. इतो मान्शो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलिआओ, हारा मार्तिन्यो. वय बारा ते चौदाच्या आसपास, आपल्याकडची सातवी-आठवीतली पोरं. जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या तीन ख्रिश्चन झालेल्या सरदारांच्या, ओतोमो, ओमुरा आणि आरिमा यांच्या नावाने त्यांना पाठवलं होतं, पण बेत सगळा जेझुइट अधिकारी वालिन्यानोचा. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, युरोपने जपानी माणसं डोळ्यांनी बघावीत म्हणजे मिशनला पैसा मिळेल, आणि मुलांनी युरोप बघून परत येऊन जपानात सांगावं. मुलांना फक्त चांगलंच दाखवायचं, वाईट काही कानावर पडू द्यायचं नाही अशा त्याच्या स्पष्ट सूचना होत्या. हे पण सांगा लोकांना. चार मुलांचं धाडस होतंच पण ती कुणाच्या तरी हिशोबातही होती.

फेब्रुवारी 1582 मध्ये नागासाकी सोडलं. चीनच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या मकाऊला पोचले आणि वाऱ्यासाठी वर्षअखेरीपर्यंत तिथेच अडकले. ती मकाऊत असताना तिकडे जपानात ओदा नोबुनागा, तेव्हाचा सगळ्यात बलाढ्य सरदार, मारला गेला, ज्याने दिलेला आझुची किल्ल्याच्या चित्राचा पडदा पोपला भेट म्हणून चालला होता, आणि तिकडे युरोपात पोप तेरावा ग्रेगरी याने कॅलेंडर बदललं, तेच जे आज आपल्या भिंतीवर असतं. म्हणजे ज्या माणसाला भेटायला निघाले त्याने वाटेतच तारखा बदलल्या. मग मलाक्का, मग एप्रिल 1583 ला कोची, आणि तिथे पावसाळा काढला कारण तुम्हाला गोव्याचा पावसाळा माहीतच आहे, नैऋत्येचा वारा सुरू झाला की मांडवीचं तोंड बंद, जहाज आत येत नाही न बाहेर जात नाही. सगळा प्रवास असाच होता, चार महिने चालायचं आणि आठ महिने वाऱ्याची वाट बघायची. हे लोकांना कळलं ना की मग 'साडेआठ वर्षं का लागली' हा प्रश्न कुणी विचारत नाही.

नोव्हेंबर 1583 ला ती गोव्यात आली. तेव्हाचं जुनं गोवं डोळ्यासमोर आणा. बॉम जीझस नव्हतंच, त्याचं बांधकाम सुरू व्हायला अजून दहा-अकरा वर्षं होती. सी कॅथेड्रल अर्धवट, काम चाललेलं. झेवियरचं शव तेव्हा या सेंट पॉलमध्येच होतं, म्हणून तर म्हणते की ज्या शवासाठी तुम्ही लोकांना रांगेत उभं करता त्याची आधीची जागा ही कमान आहे. आणि अजून एक, जे सांगायला जड जातं पण सांगायलाच पाहिजे. मुलं यायच्या चारच महिने आधी, जुलै 1583 मध्ये, कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं होतं, देवळं पाडल्याचा राग होता तो, आणि नंतर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, येऊन वीसेक वर्षं झालेली. मुलं ज्या घरात उतरली त्या घरात या पाच जणांचं सुतक ताजं होतं. त्या मारल्या गेलेल्यांमधला रोदोल्फो आक्वाविवा म्हणजे रोममधल्या जेझुइटांच्या मुख्य अधिकाऱ्याचा पुतण्या, आणि दीड वर्षाने रोममध्ये याच काकाकडे मुलं उतरायची होती. आणि त्या पाच जणांची शवं आणवण्याची व्यवस्था ज्याने केली तो इंग्रज पाद्री कोण माहितेय? थॉमस स्टीफन्स. आपला फादर स्टीफन्स, क्रिस्तपुराणवाला, ज्याने पुढे मराठीला रत्नांमधल्या हिऱ्याची उपमा दिली. तो तेव्हा साष्टीतच होता. मुलांची आणि त्याची भेट झाली असं मी म्हणत नाही, पण एकाच वेळी, एकाच गोव्यात, एकाच संस्थेत होते.

गोव्यात वालिन्यानो मागे राहिला, त्याला इथलं प्रमुखपद मिळालं, आणि मुलं त्याच्याशिवाय पुढे गेली. ऑगस्ट 1584 लिस्बन. एव्होराच्या कॅथेड्रलमध्ये मान्शो आणि मिगेलने ऑर्गन वाजवला, लोक बघत राहिले. माद्रिदला दुसरा फिलिप राजा भेटला. पिसाला मेजवानीत नाचायला लागलं. मार्च 1585 मध्ये रोमला पोप ग्रेगरीसमोर घोड्यांवरून मिरवणुकीने नेलं, पण तिघांनाच, जुलिआओला सणकून ताप भरला होता, त्याला वेगळं नेऊन पोपची भेट घडवून आणली. तीनेक आठवड्यांत पोप वारले, नव्या पोपच्या राज्याभिषेकाला पण मुलं होती. रोमने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. व्हेनिसला मान्शोचं चित्र काढलं गेलं, ते इतकी शतकं ओळखलंच गेलं नव्हतं, 2014 साली जाहीर झालं की हा इतो मान्शो, चित्रकार दोमेनिको तिंतोरेत्तो. बघा मोबाइलवर शोधून, स्पॅनिश कपड्यातला एक अगदी कोवळा मुलगा आहे, गळ्याभोवती फुगीर कॉलर, आणि डोळे दमलेले. युरोपचं एवढं पुरे, ते सगळीकडे सापडतं. मला सांगायचंय ते परतीचं.

परतीला मोझांबिकला कितीतरी महिने अडकून 29 मे 1587 ला ती गोव्यात उतरली. आता पोरं राहिली नव्हती, अठरा-एकोणीसची झाली होती. आणि आल्या आल्या, 4 जूनला, म्हणजे पाऊस अगदी दारात असताना, या कॉलेजात हारा मार्तिन्योने उभं राहून लॅटिनमध्ये भाषण केलं, वालिन्यानोचे आभार मानायला. एक जपानी मुलगा, गोव्यात, लॅटिनमध्ये. ते भाषण पुढच्या वर्षी 1588 मध्ये गोव्यातच छापलं आणि छापणाऱ्याचं नाव त्यावर आहे, कॉन्स्तांतिनो दोरादो, जपानी. तो या चौघांबरोबरचा सोबती, युरोपात छपाई शिकून आला होता. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये याच कॉलेजात सुरू झाला हे तुमच्यातले काही जण सांगतात, ऐकलंय मी. त्याच्या पुढचं वाक्य हे ठेवा, की तिथेच बत्तीस वर्षांनी एका जपानी माणसाने एका जपानी माणसाचं भाषण छापलं. आणि मुलांनी युरोपातून आणलेला छापखाना इथून जपानला गेला, तिकडे त्यावर जपानी भाषा रोमन लिपीत छापली, इसापच्या गोष्टी सुद्धा, 1593 ला. आपल्याकडे स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापलं ते पण रोमन लिपीतच, देवनागरीचे खिळे पाडायचे त्याच्या मनात होतं पण झालं नाही. मराठी आणि जपानी, दोघींना रोमन लिपीचा परका छापील अंगरखा मिळाला, थोड्या वर्षांच्या फरकाने, एकाच संस्थेकडून. हे मला कुणी कॉलेजात सांगितलं असतं तर मी दोन्ही भाषा वेगळ्या डोळ्यांनी शिकले असते.

मार्तिन्यो लॅटिन बोलत होता त्याला दोन महिने पण व्हायचे होते आणि तिकडे जपानात नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीने पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला. ज्या तीन सरदारांनी पाठवलं त्यातले ओतोमो आणि ओमुरा त्याच वर्षी वारले होते. गोव्यात यातलं काहीच लगेच पोचलेलं नव्हतं, बातमी पण वाऱ्यावरच यायची. एप्रिल 1588 मध्ये वालिन्यानो पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वकील बनून मुलांना घेऊन निघाला, बरोबर हिदेयोशीसाठी अरबी घोडा आणि चर्मपत्रावर लिहिलेलं, चारी बाजूंनी चित्रं काढून सजवलेलं पत्र. ते पत्र आजही क्योतोला म्योहो-इन नावाच्या देवळात आहे, जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलंय. गोव्यातून गेलेला कागद चारशे वर्षांहून जास्त काळ जपून ठेवलाय त्यांनी. नागासाकीला मुलं पोचली जुलै 1590 मध्ये, निघाल्याला साडेआठ वर्षं झालेली. 1591 ला हिदेयोशीसमोर बसून त्यांनी युरोपातली वाद्यं वाजवली, त्याला आवडलं, पुन्हा वाजवायला सांगितलं.

शेवट सांगितल्याशिवाय ही गोष्ट कृपया सांगू नका. 'चार जपानी राजपुत्र फिरून आले' एवढ्यावर सोडू नका, ती राजपुत्र नव्हती आणि फिरायलाही गेली नव्हती. मान्शो 1612 ला नागासाकीत आजारपणात गेला. मिगेलने जेझुइटांची साथ सोडली, का सोडली यावर लोक अजून भांडतात, मला त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही, ज्याने एवढं जवळून बघितलं त्याला स्वतःचं मत असणारच. मार्तिन्योला 1614 मध्ये देशाबाहेर काढलं, तो 1629 ला मकाऊत वारला. आणि जुलिआओ, ज्याला रोममध्ये ताप भरला होता तो, वीसेक वर्षं लपून लपून फिरत राहिला, शेवटी पकडला गेला आणि 1633 मध्ये नागासाकीला त्याला खड्ड्यात उलटं टांगून मारलं. मरायला तीन दिवस लागले. सांगतात की तिथे नेताना तो म्हणाला, रोम बघून आलेला नाकाउरा जुलिआओ तो मीच. माझे पाहुणे त्याच्याच गावाजवळचे. कमानीसमोर चार नावं घेतली तेव्हा तिसऱ्या नावाला त्यांचा आवाज गेला होता, ते मला नंतर कळलं का ते.

आणखी एका माणसासाठी मात्र जागा ठेवा. पेद्रो किबे. 1614 मध्ये देशाबाहेर काढलेला, पाद्री व्हायचंय पण मकाऊत कुणी करेना. हा गोव्यापर्यंत आला आणि मग इथून इतरांसारखा आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजाने न जाता इराणच्या वाटेने, बराचसा पायी, जेरुसलेमला गेला. जेरुसलेमला पोचलेला पहिला जपानी म्हणून त्याची नोंद आहे. तिथून 1620 ला रोम, तिथे पाद्री झाला, आणि परत 1624 ला गोव्यात. रोममध्ये राहिला असता तर म्हातारा होऊन मेला असता. तो सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेला, मनिलाला गेला, बोट मिळवायला वर्षानुवर्षं धडपडला, आणि 1630 मध्ये चोरून जपानात उतरला. 1639 ला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हाल करून मारलं. तोपर्यंत 1635 चा हुकूम निघाला होता, कुठल्याही जपान्याने परदेशी जायचं नाही आणि बाहेर असलेल्याने परत यायचं नाही, आलात तर मरण. त्यानंतर दोनशे वर्षं हे दार बंद.

कुणी विचारेल हासेकुरा कुठे आहे यात. सेंदाइच्या दाते मासामुनेने 1613 ला पाठवलेला तो सामुराई, तो उलट्या बाजूने पॅसिफिक ओलांडून मेक्सिको, मग स्पेन, मग रोमला गेला, गोव्याला आला नाही. पण बसमध्ये वेळ असेल तर सांगा, कारण त्याच्या लोकांनी सेंट त्रोपेला कागदाच्या रुमालात नाक शिंकरून ते टाकले तर तिथले लोक ते उचलायला धावत होते, आणि स्पेनमधल्या कोरिया देल रिओ गावात आजही शेकडो लोकांचं आडनाव 'हापोन' आहे, म्हणजे जपान.

आणि एक गोष्ट जी पाहुण्यांनीच मला चहाच्या टपरीवर सांगितली, आवाज अगदी खाली आणून. या गोव्यात मानाने आलेले जपानी चारच होते, विकत आणलेले पुष्कळ होते. पोर्तुगीज व्यापारी जपानातून माणसं विकत घ्यायचे, बायका, पोरं, आणि मकाऊ-गोव्याच्या घरांमधून ती गुलाम म्हणून राबायची. पोर्तुगालच्या राजाने 1571 ला बंदी घातली होती, ती कुणी पाळली नाही. हिदेयोशीने 1587 ला जेझुइटांना जे प्रश्न टाकले त्यातला एक हाच होता, आमची माणसं तुम्ही का विकत घेता? मुलांच्या प्रवासावर 1590 ला मकाऊत जे लॅटिन पुस्तक छापलं त्यातसुद्धा मिगेलच्या तोंडी आहे की परक्या देशात आपलीच माणसं स्वस्तात विकलेली बघून आम्हाला संताप आला. ते पुस्तक एका पाद्र्याने लिहिलंय, मुलांनी नाही, तरी हे वाक्य त्यात राहिलं. वालिन्यानोने वाईट काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलं होतं ना, पण गोव्याच्या रस्त्यावर कुणाचे डोळे झाकणार? मला सारखं वाटतं की रेशमी कपड्यातला तेरा वर्षांचा मान्शो या रस्त्याने चालला असेल आणि पाण्याची घागर घेतलेली एखादी बाई त्याच्या बोलीतलं काहीतरी ऐकून थबकली असेल. हे मी मनाने म्हणतेय, याला पुरावा नाही, बसमध्ये सांगू नका. पण गुलामांचं सांगा. ते पुराव्याने आहे.

एवढं सगळं दहा मिनिटांत होणार नाही हे मला कळतं. लोकांना भूक लागलेली असते, मंगेशीला महाप्रसादाची वेळ गाठायची असते, ड्रायव्हर काका हॉर्न देत असतात. मग असं करा, अंजिरोचं वरून खाली लिहिणं आणि मार्तिन्योचं लॅटिन भाषण एवढं बसमध्ये सांगा, आणि जुलिआओचं कमानीसमोर खाली उतरल्यावर. सकाळी ऊन चढायच्या आत गेलात तर बरं, सावली कमी आहे. रस्ता वाहता आहे, पोरांना एका बाजूला ठेवा, आणि कमानीवर कुणाला चढू देऊ नका.

माझ्याकडून जे होईल ते मी करते. जपानी नावं कशी म्हणायची ते मी रेकॉर्ड करून ठेवलंय, कुणालाही पाठवेन, फुकट. पुण्यात एक दिवस जमायचं असेल तर माझ्या क्लासची खोली मोकळी करून देते, पंचवीस जण आरामात बसतात, नकाशा मी लावते. पाहुण्यांनी तो पेन्सिलीचा नकाशा जाताना मला दिला होता, तोही आणते. आणि तोवर निदान एवढं, कमानीसमोर बस हळू झाली की खिडकीतून हात करून चार नावं घ्या, माझ्या पाहुण्यांनी घेतली तशी, मोठ्याने, एकेक करून, घाई न करता: इतो मान्शो. चिजिवा मिगेल. नाकाउरा जुलिआओ. हारा मार्तिन्यो.

तुमची,
पुण्यातली एक जपानी शिकवणारी बाई